गोकुळ रोडचे इंजिनियर कुठून आले?

हुबळीच्या होसूर भागातल्या नव्या बसस्टँडपासून विमानतळाच्या दिशेने जाणारा गोकुळ रोड म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या कारखानदारीचा रस्ता. वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय याच रस्त्यावर आहे, किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना इथे आहे आणि व्हॉल्व्ह बनवणारी बीडीके कंपनीही इथलीच. औद्योगिक वसाहतीतल्या लहानमोठ्या शेडमध्ये लेथ आणि ग्राइंडर चालू असतात. पुढे विमानतळ लागतो. त्याच्या समोर के.एल.ई. संस्थेने २००८ साली काढलेले इंजिनियरिंग कॉलेज, जवळच इन्फोसिसचा परिसर आणि देशपांडे फाउंडेशनचे स्टार्टअप केंद्र. लोखंड कापण्यापासून संगणकाच्या प्रणाली लिहिण्यापर्यंत शंभर वर्षांतली सगळी कामे एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात.

या रस्त्यावर माणसे आली कुठून, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. कारखाना काढायला भांडवल लागते, जमीन लागते, वीज लागते, हे सर्वांना ठाऊक असते. ड्रॉइंग वाचणारा, लोखंडाची ताकद हिशेबाने सांगणारा, पुलाच्या पायाला किती खोल जायचे ते ठरवणारा माणूसही लागतो आणि तो आपोआप तयार होत नाही. त्याला तयार करायला कुणीतरी वर्ग काढावा लागतो, प्रयोगशाळा बांधावी लागते, मास्तरांना पगार द्यावा लागतो. जुन्या मुंबई इलाख्यात हा खर्च बहुतांशी सरकारने केला. सरकारी पैशावर उभ्या राहिलेल्या इंजिनियरिंग कॉलेजांचा इतिहास त्यामुळे शिक्षणाच्या इतिहासातले एक प्रकरण म्हणून वाचणे अपुरे पडते. आपल्या रस्त्यांचा, कालव्यांचा, गिरण्यांचा आणि गावोगावच्या नळाच्या पाण्याचाही तो इतिहास आहे. तो वाचायचा तर हुबळीहून आधी पुण्याला जावे लागते, कारण १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबईच्या कारभारात होता आणि त्या सबंध मुलखाला इंजिनियर पुरवणारे सरकारी कॉलेज पुण्यात होते.

पुण्यातला वर्ग १८५४ साली सुरू झाला. नाव होते ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’. ते साल पाहिले की त्यामागचे कारण स्पष्ट होते. आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. उत्तरेत गंगेचा मोठा कालवा १८५४ मध्येच वाहू लागला आणि त्या कालव्याच्या कामाला माणसे हवीत म्हणून रुरकीचे कॉलेज १८४७ सालीच उघडलेले होते. सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते उभे राहत होते. साहेब इंजिनियर विलायतेहून येत, पण त्यांच्या हाताखाली मोजणी करणारा, अंदाजपत्रक बनवणारा, मजुरांवर देखरेख ठेवणारा ओव्हरसियर विलायतेहून आणणे सरकारला परवडणारे नव्हते. तो इथेच शिकवून तयार करायचा होता. लोकांना विद्या मिळावी हा हेतू त्यात दुय्यम होता. सरकारला नोकर हवे होते आणि त्या गरजेतून कॉलेज जन्माला आले, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढच्या दीडशे वर्षांत लोकांनी त्या कॉलेजकडून जे मिळवले ते स्थापनेच्या हेतूपेक्षा कितीतरी मोठे आहे.

पुण्याच्याही आधी, १८२३ साली, मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणित शिल्प विद्यालय चालवले होते. मराठी वाचकाने त्याची आठवण ठेवायला हवी. तिथे गणित आणि मोजणीचे शिक्षण मराठीतून दिले जाई आणि त्यासाठी जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंतांच्या साहाय्याने मराठी पुस्तके तयार केली. ते विद्यालय १८३२ च्या सुमारास बंद पडले. त्यानंतर दोन दशकांनी पुण्यात इंजिनियरिंगचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे ते इंग्रजीतच स्थिरावले. मराठीतून तांत्रिक शिक्षण देण्याची जी चर्चा आज नव्याने होते, तिचा पहिला प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी झाला होता आणि तोही पाठ्यपुस्तकांसकट. तो चालू राहिला असता तर आपल्या गवंड्याची, मिस्त्रीची आणि इंजिनियरची भाषा इतकी वेगवेगळी झाली नसती.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुण्याच्या वर्गाला मोठे होण्याची वाट सापडली. आज शिवाजीनगरला मुठेच्या काठी, संगमाजवळ जी दगडी इमारत दिसते तिची कोनशिला ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी बसवली. बांधकामाला कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी ५०,००० रुपये दिले. सरकारी कॉलेजच्या पायात एका पारशी व्यापाऱ्याचे दान आहे आणि असे दान पुढे हुबळी-सांगलीपर्यंत दिसत राहते. १८६६ साली कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडले गेले आणि एल.सी.ई., म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनियरिंग, ही पात्रता देऊ लागले. ओव्हरसियर घडवणाऱ्या वर्गातून आता इंजिनियर बाहेर पडणार होते.

त्या आवाराची जागा विचारपूर्वक निवडलेली वाटते. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला रेल्वे आणि मुंबईकडे जाणारा रस्ता. सिव्हिल इंजिनियरिंग शिकणाऱ्या मुलाला पूल, पाट, पूररेषा, भराव हे सगळे कॉलेजच्या दारातच बघायला मिळे. काळ्या दगडाची, टोकदार कमानींची मुख्य इमारत स्वतःच बांधकामाचा एक धडा आहे. दख्खनच्या काळ्या खडकात घडाई किती बारीक होऊ शकते, भिंतीची जाडी आणि छताची उंची उन्हाळ्यात काय काम करते, हे तिथे हाताने चाचपून कळते. खडकवासल्याचे धरण १८६९ मध्ये बांधायला घेतले आणि १८७९ मध्ये पुरे झाले, तेही याच आवारापासून काही कोसांवर. एका पिढीच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर धरण वर चढत गेले.

या आवाराच्या पहिल्या मोठ्या काळावर एका माणसाची छाप आहे आणि त्याचे नाव मराठी वाचकांना इंजिनियरिंगपेक्षा वनस्पतिशास्त्रामुळे जास्त माहीत असते. थिओडोर कुक. आयर्लंडमध्ये १८३६ साली जन्मलेला हा माणूस बी.बी.सी.आय. रेल्वेत इंजिनियर म्हणून आला आणि वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाच्या कामावर होता. १८६५ मध्ये तो पुण्याच्या कॉलेजचा प्राचार्य झाला आणि १८९३ पर्यंत हिंदुस्थानातल्या सेवेत राहिला. पूल बांधणाऱ्या या माणसाने सह्याद्रीतल्या झाडापेडांचा ध्यास घेतला. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू येथे बसून त्याने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला आणि आजही कोकणातली किंवा धारवाड भागातली एखादी वनस्पती ओळखायची तर अभ्यासक त्या ग्रंथाकडे जातात.

कुक यांच्या काळातच कॉलेजची व्याप्ती वाढली. १८७९ मध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले. १८८० मध्ये नाव बदलून ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. एकाच छपराखाली स्थापत्य, शेती, वनविद्या आणि शास्त्रे शिकवली जात. पुण्याचे शेतकी कॉलेज पुढे १९०८ च्या सुमारास यातूनच वेगळे निघाले आणि १९११ मध्ये उरलेल्या संस्थेचे ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग, पूना’ असे नामकरण झाले. ‘सीओईपी’ ही आजची ओळख त्या नावातून आलेली.

कॉलेज ऑफ सायन्सच्या काळात म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक मुलगा पुण्याला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झालेला, घरची परिस्थिती बेताची. १८८३ च्या परीक्षेत तो पहिला आला आणि त्याला जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले. बर्कले हे जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य इंजिनियर, बोरघाटातून रेल्वे चढवण्याची आखणी त्यांची. घाट चढवणाऱ्या इंजिनियरच्या नावाचे बक्षीस म्हैसूरच्या मुलाला पुण्यात मिळाले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारने त्याला असिस्टंट इंजिनियर म्हणून नोकरीत घेतले.

विश्वेश्वरय्यांची पुढची कीर्ती म्हैसूरची, कृष्णराजसागराची, दिवाणपदाची. त्यांची उमेदवारी मात्र मराठी मुलखात झाली आणि ती अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही. नाशिक आणि खानदेशात ते तरुणपणी राबले. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या खोऱ्यात दातर्तीजवळ पाटाचे पाणी नाल्यापलीकडे नेण्यासाठी सायफन बांधायचा होता आणि पावसाळा तोंडावर आला होता. नव्या, विशीतल्या इंजिनियरला ते काम तडीस न्यावे लागले. पुणे विभागाच्या पाटबंधाऱ्यांचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. कालव्याच्या पाण्याची वाटणी गटागटाने, पिकांचा फेर ठरवून करण्याची ब्लॉक पद्धत त्यांनी मांडली. आणि खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. हेच तंत्र पुढे ग्वाल्हेरला आणि कृष्णराजसागरला गेले. कोल्हापूर, विजापूर, धारवाड अशा अनेक शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजनांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. म्हैसूरच्या तिजोरीतून आलेली शिष्यवृत्ती, मुंबई सरकारच्या खर्चाने चाललेले कॉलेज आणि त्या दोन्हींचे फळ धुळ्याच्या शेतकऱ्याच्या पाटात. सरकारी खर्चाचे मोल काढायचे तर हिशेब असा लांबवर करावा लागतो.

हुबळी-धारवाडकडची मुले पुण्याला जायची ती अशा इंजिनियरकीच्या ओढीने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन हुबळी, लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला जोडली गेली आणि हुबळीत रेल्वेचे मोठे वर्कशॉप उभे राहिले. गावात वाफेची इंजिने दुरुस्त होत होती, पण इंजिनियरची पदवी घ्यायला रात्रभर गाडीत बसून पुण्याला जावे लागे. मुंबईत १८८७ साली निघालेले व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होते, पण त्याचा भर प्रदीर्घ काळ पदविकांवर होता. सिंध मुंबई इलाख्यात होता तेव्हा, १९२१ मध्ये, कराचीत सक्करच्या बंधाऱ्यासाठी इंजिनियर हवेत म्हणून एक कॉलेज निघाले. तेही सरकारी बांधकामाच्या गरजेतूनच. कृष्णा, मलप्रभा, घटप्रभेच्या खोऱ्यातल्या मुलाला ते कॉलेज काय उपयोगाचे?

ज्यांना पुण्याला जाणे जमले नाही त्यांनी कारखाने काढले नाहीत असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. इंजिनियरिंगची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. मुंबईत चित्रकला शिकताना त्यांना यंत्रचित्रणाची गोडी लागली, व्हिक्टोरिया ज्युबिलीत त्यांनी शिकवले, बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग नांगर घडवले आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या कर्तृत्वाला तोड नाही. पण एका लक्ष्मणरावांनी काढलेल्या कारखान्याला पुढे शेकडो प्रशिक्षित माणसे लागतात आणि ती प्रतिभेच्या भरवशावर मिळत नाहीत. त्यासाठी दरवर्षी नियमाने विद्यार्थी बाहेर काढणारी संस्था लागते. गोकुळ रोडवर किर्लोस्करांच्या नावाचा कारखाना उभा राहिला, त्याच्या कितीतरी आधी हुबळीकरांना हे उमगले होते.

१९४७ साली एकाच वर्षी दोन गावांनी यावर उत्तर शोधले. सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी विश्रामबागेत ‘न्यू इंजिनियरिंग कॉलेज’ काढले. सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. हुबळीत, मुंबई प्रांताच्या हद्दीत, के.एल.ई. संस्थेने बी. व्ही. भूमरड्डी यांच्या देणगीतून त्यांच्याच नावाचे इंजिनियरिंग कॉलेज काढले. ही संस्था बेळगावात १९१६ साली सात शिक्षकांनी स्थापन केलेली. शिक्षकांची संस्था, देणगी देणारा दाता आणि मागून सरकारी अनुदान, अशा तीन पायांवर हुबळीचे ‘बी.व्ही.बी.’ उभे राहिले. सांगलीच्या कॉलेजला १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या ट्रस्टचा आधार मिळाला आणि ते ‘वालचंद कॉलेज’ झाले. पुण्यात सरकारने आधी कॉलेज काढले आणि धनिकाने नंतर हात लावला. हुबळी-सांगलीत गावाने आधी काढले आणि सरकार मागून आले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर झालेला हा बदल फार महत्त्वाचा आहे. नव्वद वर्षे सरकारची गरज म्हणून चाललेले शिक्षण आता लोकांची गरज झाले होते.

बी.व्ही.बी.चे आवार विद्यानगरात, पुणे-बंगळूर रस्त्याला लागून. गोकुळ रोडवरून तिथे पोचायला रिक्षाला फार वेळ लागत नाही. त्या आवारातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका विद्यार्थिनीची आहे. १९६८ च्या सुमारास शिग्गावच्या कुलकर्णी घराण्यातल्या सुधाने इंजिनियरिंगला प्रवेश घेतला. वडील डॉक्टर. सगळ्या कॉलेजात ती एकटी मुलगी. प्रवेश देताना तिच्यासमोर अटी ठेवल्या गेल्या. रोज साडी नेसून यायचे, कँटीनमध्ये जायचे नाही, मुलांशी बोलायचे नाही. कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते, कारण तिथे मुलगी येईल असे बांधताना कुणाच्या मनात आले नव्हते. सुधा मूर्तींनी हे सारे पुढे आपल्या लेखनात सांगितले आहे आणि स्वच्छतागृहे बांधण्याच्या आपल्या कामाचा संबंध त्या अनुभवाशी जोडला आहे. बी.व्ही.बी.तून त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या आणि तिथून पुण्याच्या टेल्कोत, कारखान्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या पहिल्या स्त्री इंजिनियर म्हणून.

कॉलेजच्या आवाराचा इतिहास लिहिणारे बहुतेकदा कमानी मोजतात आणि कोनशिला वाचतात. आवारात काय नव्हते तेही लिहिले पाहिजे. मुलींचे वसतिगृह कधी आले, वर्कशॉपमध्ये पहिली मुलगी एप्रन घालून भट्टीसमोर कधी उभी राहिली, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला पहिला मुलगा मेसमध्ये कधी जेवला, या तारखा कॉलेजच्या विस्ताराच्या खऱ्या तारखा आहेत. सरकारी पैसा आला की सरकारी नियम येतात, राखीव जागा येतात, शिष्यवृत्ती येते. त्या नियमांनी कॉलेजच्या दारातून जेवढी माणसे आत आणली तेवढी दुसऱ्या कशाने आणली नाहीत. सरकारी अनुदानाचा हा सगळ्यात मोठा उपकार आहे आणि तो निःसंकोच सांगायला हवा.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि पुण्याची वाट हळूहळू बंगळूरकडे वळली. इकडे महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारने स्वतःची नवी कॉलेजे काढली. १९६० मध्ये कराड आणि औरंगाबादला, १९६४ मध्ये अमरावतीला. कराडचे कॉलेज निघाले तेव्हा जवळच कोयनेचे धरण बांधले जात होते. त्याचे काम १९५६ मध्ये सुरू झालेले. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने तो सगळा टापू हादरला, तेव्हा भूकंपात टिकणारे बांधकाम हा कराडच्या विद्यार्थ्याला घरचा विषय झाला.

पुण्याच्या जुन्या आवारातून त्या काळात बाहेर पडलेली काही नावे घेतली तरी पुरे. बी. जी. शिर्के १९४३ चे. घरबांधणीत त्यांनी आपली कंपनी मोठी केली. माधवराव चितळे १९५५ चे. देशाच्या जलसंपदा खात्याचे सचिव झाले आणि १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळाले. विश्वेश्वरय्यांच्या पाण्याचा धागा त्यांच्यापर्यंत सरळ येतो. थॉमस कैलाथ, जन्म पुण्याचा, १९५६ मध्ये टेलिकॉमची पदवी घेऊन अमेरिकेला गेले. कुमार पटेल, जन्म बारामतीचा, १९५८ ची पदवी. त्यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढला, जो आज कारखान्यात पत्रा कापतो आणि दवाखान्यात शस्त्रक्रिया करतो. गोकुळ रोडच्या एखाद्या शेडमध्ये लेझर कटिंगचे मशीन चालू असेल तर त्यामागचा एक धागा मुठेकाठच्या वर्गापर्यंत पोचतो.

अभ्यासाबाहेरच्या आठवणीही या आवाराला पुष्कळ आहेत. १९२८ मध्ये निघालेला बोट क्लब आणि त्याचा रेगाटा हे त्यातले ठळक. काठावर पुणेकरांची गर्दी आणि पाण्यात होड्यांच्या रचना. त्या नदीचे आजचे पाणी पाहिले की वाईट वाटते. पाण्याचे हिशेब जिथे देशाने शिकले त्याच काठावर पाणी इतके घाण व्हावे, ही गोष्ट पुण्याच्या नागरिकांनी आणि इंजिनियरांनी दोघांनीही मनावर घ्यायला हवी. दुसरी आठवण अलीकडची. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ३४ ने जे वीस उपग्रह नेले त्यात सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ होता. मुलांच्या एकामागून एक तुकड्यांनी वर्षानुवर्षे खपून तो तयार केला. एक तुकडी पास होऊन जाई आणि पुढच्या तुकडीला काम सोपवून जाई.

१९८३ साली महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रातली पुष्कळ मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. बेळगावात रावसाहेब गोगटे यांच्या नावाचे इन्स्टिट्यूट १९७९ मध्ये निघाले होते, मणिपालचे तर १९५७ पासून चालू होते. दादांच्या निर्णयाने जागा भराभर वाढल्या आणि तालुक्याच्या गावी इंजिनियरिंगची पाटी लागली. हजारो घरांत पहिला इंजिनियर त्यातून झाला, हे नाकारता येत नाही. त्याबरोबर फी वाढली, कर्जे वाढली आणि जिथे अनुदान आणि विनाअनुदान दोन्ही एकाच आवारात नांदतात तिथे एकाच छपराखाली शेजारच्या बाकांवर बसलेल्या दोन मुलांची फी वेगवेगळी झाली. विनाअनुदानित कॉलेजांनी संगणकाच्या जागा झपाट्याने वाढवल्या, कारण त्या भरत होत्या. स्थापत्य, धातुशास्त्र, उत्पादन यांसारख्या शाखा चालवायला यंत्रे लागतात, मोठ्या शेड लागतात, खर्च फार आणि मागणी चंचल. तो खर्च पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करणाऱ्यालाच झेपतो आणि तो विचार सरकारने करायचा असतो. पूल आणि धरणे म्हातारी होत चालली आहेत. त्यांची तपासणी करणारा माणूस बाजाराच्या एका वर्षाच्या मागणीवर घडत नाही.

सरकारी पैसा असला की सगळे ठीक चालते असा याचा अर्थ नाही. रिकामी पदे, वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवणारे प्राध्यापक, बदलीच्या फेऱ्यात अडकलेल्या प्रयोगशाळा, हे सरकारी कॉलेजांचे जुने दुखणे आहे. त्यावर उपाय म्हणून स्वायत्तता आली. पुण्याच्या कॉलेजला ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली आणि २०२२ मध्ये ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झाले. हुबळीचे बी.व्ही.बी. २०१५ मध्ये के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठ झाले, म्हणजे खासगी विद्यापीठाच्या चौकटीत गेले. दोघांचा उगम आणि वय वेगळे, वाटाही वेगळ्या. कोणती वाट गरीब घरच्या मुलाला जास्त काळ आत ठेवते, यावर दोघांचे यश मोजायला हवे.

दरम्यान केंद्र सरकारने धारवाडला पुन्हा सरकारी खर्चाचे इंजिनियरिंग आणले. आय.आय.टी. धारवाडचे वर्ग २०१६ मध्ये सुरू झाले, तेही पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या ‘वाल्मी’ संस्थेच्या आवारात. १२ मार्च २०२३ रोजी तिचे कायमचे आवार राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच समारंभात हुबळी स्टेशनचा १,५०७ मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब मानला गेलेला प्लॅटफॉर्मही. ज्या स्टेशनवरून मुले इंजिनियर व्हायला पुण्याच्या गाडीत बसत, त्याच्या शेजारच्या धारवाडात आता देशभरातली मुले शिकायला येतात. बेळगावात १९९८ मध्ये निघालेल्या तंत्रज्ञान विद्यापीठाला विश्वेश्वरय्यांचे नाव आहे. पुण्याच्या त्या विद्यार्थ्याच्या नावाच्या पदव्या आज सबंध कर्नाटकात वाटल्या जातात.

या इतिहासाची साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. कॉलेजांचे वार्षिक अहवाल वाळवी खाते. वर्कशॉपमधली लाकडी मॉडेल, पितळी थिओडोलाइट, डंपी लेव्हल भंगारात जातात. सर्व्हे कॅम्पची फील्ड बुके, शाईने काढलेल्या ड्रॉइंग शीट, ओव्हरसियरच्या हातच्या अंदाजपत्रकांच्या वह्या कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत. हुबळी, धारवाड, बेळगाव, सांगली, कराड, पुणे या पट्ट्यातल्या ज्या घरांत आजोबा किंवा पणजोबा पी.डब्ल्यू.डी.त, रेल्वेत किंवा पाटबंधाऱ्यात होते, त्या घरांनी ही कागदपत्रे रद्दीत घालू नयेत. आपल्या जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला ती द्यावीत, त्यांवर नाव, गाव आणि साल लिहावे. आणि कॉलेजांनी ती घ्यायला एक खोली, एक कपाट आणि एक जबाबदार माणूस नेमावा. खर्च फार नाही आणि तो सरकारी अनुदानातून करता येण्यासारखा आहे.